बॅटरी संपेपर्यंत

सिंधूनं ती चिठ्ठी डिंक वाळायच्या आत भिंतीवरून ओढून काढली. चिकटवणारा अजून तिथंच उभा होता – बोटांना डिंक, खांद्याला काळी बॅग, आणि तोंडावर असा भाव की आपल्याच ताटातली भाकरी कुणी उचलून नेलीय.

"अहो, आत्ता लावलीय मी ती."

"बघितलं की. म्हणून तर काढली. दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायला नको."

चिठ्ठीवर लिहिलं होतं – लॅपटॉप विकणे आहे. चालू आहे. खोडी विचारल्यास खरी सांगण्यात येईल. अक्षर इतकं देखणं, की क्षणभर तिला वाटलं छापूनच आणलंय.

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटचा निकाल लागला की भिंती अशाच चिठ्ठ्यांनी भरून जातात. ज्यांचं जमलं ते कॉलेजला निघालेले असतात, ज्यांचं नाही जमलं त्यातले काही गावाकडं. मागं उरतात गाद्या, कूलर, टेबलं आणि पुस्तकांचे गठ्ठे. वर मोठमोठ्या बॅनरवर पहिल्या आलेल्यांचे फोटो हसत असतात, आणि खाली बाकीच्यांचं सामान नवा मालक शोधत असतं.

सिंधूचा फोटो कुठल्याच बॅनरवर नव्हता. मुखेड तालुक्यातून ती आली, दोन वर्षं परीक्षा दिली, दोन्ही वेळेला मार्क थोडक्यात कमी पडले. तिचे वडील शेषेराव तिसऱ्या वर्षाचं ठरवून मोकळे झाले होते. तिनं फोनवर सांगितलं, "मी बसणार न्हाई. नांदेडला बीएस्सीला जाणार. भूगर्भशास्त्र." मग शेषेराव एवढंच म्हणाले, "रविवारी येतो. मग बघू काय ते." आज शुक्रवार होता. रविवारच्या आत हातात लॅपटॉप पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. रिकाम्या हातानं नाही म्हणणं आणि पुढची तयारी करून नाही म्हणणं, यात फरक असतो.

"कुठं बघायचा?" तिनं विचारलं.

"इथंच बॅगेत हाय. पण तुम्ही एकट्याच... म्हणजे, कुणी माहीतगार सोबत नाही?"

"मीच माहीतगार."

तो हसला. हसताना त्याची मान जराशी डावीकडं कलत होती. तिला ते दिसलं, आणि दिसलं याचा थोडा रागही आला.

कोपऱ्यावर गफूरचाचांचं चहाचं हॉटेल होतं. बाहेर भुरभुर चालू झाली होती, म्हणून दोघं आतल्या बाकावर बसले. त्याचं नाव दयानंद. गाव शिरूर अनंतपाळ. कोरोनाच्या साली वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा शाळेत शिक्षक असलेल्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, हा लॅपटॉप नवा घेऊन दिला होता. आता तो तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होता – निवासी बॅचमध्ये. तिथं लॅपटॉप चालत नाही.

"आणि घरी ठेवायचा नाही?"

"आप्पांचं म्हणणं, याच्यामुळंच मार्क गेले. घरात दिसता कामा नये."

सिंधूनं लॅपटॉप पुढं ओढला आणि कामाला लागली. तिच्या खोलीतल्या साक्षीनं मागच्या वर्षी असाच एक जुना लॅपटॉप घेतला होता. घरी आणल्यावर कळलं, तो कुठल्याशा कंपनीचा होता आणि त्यांनी तो लांबूनच कुलूपबंद केला. साक्षी आठवडाभर रडत होती. सिंधु रडली नाही, ती शिकली.

आधी तिनं झाकण चार वेळा उघडमीट केलं. एका बाजूची बिजागरी कुरकुरली.

"ढिली हाय."

"हाव. स्क्रू बदलला की बसते."

मग बिल मागितलं. बिलावरचा नंबर आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला.

"चोरीचा वाटलो का मी?"

"तुम्ही नाही. लॅपटॉप," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचं अजून तपासलं नाही."

दयानंदला चहाचा ठसका लागला. गफूरचाचा गल्ल्यावरून बघत होते. त्यांनी न मागता पाण्याचा ग्लास पाठवला.

तिनं पडदा पूर्ण पांढरा केला, कुठं काळा ठिपका दिसतो का म्हणून नाक लावून बघितलं. मग पूर्ण काळा केला. काळ्या पडद्यात दोघांचे चेहरे शेजारी शेजारी उमटले – तिचा कपाळाला आठ्या घातलेला, त्याचा तिच्याकडंच बघणारा. दोघांनी एकदम नजर काढली. तिनं घाईघाईनं पेन ड्राइव्ह लावायची भोकं तपासली, कॅमेरा बघितला, एक व्हिडिओ लावून आवाज ऐकला.

"आता कीबोर्ड. एकेक बटण दाबून बघणार."

"बघा. कोपऱ्यातलं एक जरा जोरात दाबावं लागतं."

तिनं लिहायचं पान उघडलं आणि सुचेल ते म्हणून मराठीत स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्यावर जे उमटलं ते बघून तिचा हात थांबला. ही अक्षरं तिनं कुठं बघितली नव्हती. गोलाई भरलेली, पण लुळी नाही. ‘स’ची कमान ताठ, आणि ‘धु’चा उकार असा खाली वळलेला, जणू कुणी पाय दुमडून निवांत बसलंय.

"हे कुठलं अक्षर?"

दयानंदचे कान लाल झाले. "माझं."

"म्हणजे?"

"मीच केलंय. कागदावर काढायचं, मग इथं एकेक अक्षर बसवायचं. दोन वर्षं झाली. अजून पुरं नाही... ‘ळ’ जमत नाही. माझ्या गावाच्या नावात ‘ळ’ येतो आणि नेमका तोच जमत नाही, बघा." तो जरा थांबला. "तुमच्या नावातला शेवटचा उकार दीर्घ पाहिजे. व्याकरणानं."

"शाळेत सगळ्यांनी सांगून बघितलं. माझं नाव, माझा उकार. ऱ्हस्वच राहणार."

"राहू द्या मग," तो हळूच म्हणाला. "ऱ्हस्वच छान दिसायलाय."

तिनं डोळे वर केले. मग चटकन खाली घेतले आणि चार्जरची वायर ओढून काढली.

"आता बॅटरी. किती चालती ते संपेपर्यंत बसून बघणार. चालेल?"

"चालेल की," दयानंद म्हणाला. त्याच्या आवाजात जुनी वस्तू विकणाऱ्याची घाई अजिबात नव्हती.

आणि मग दोघं बसले. बॅटरी संपायची वाट बघत बसण्याइतकं निवांत काम लातुरात दोघांनाही गेल्या दोन वर्षांत मिळालं नव्हतं. इथं जेवण घड्याळाकडं बघून, झोप घड्याळाकडं बघून. ती नांदेडला भूगर्भशास्त्र शिकणार हे ऐकून दयानंदनं विचारलं, "दगडधोंड्यांचं शिक्षण कशाला?" – चिडवायच्या सुरात विचारलं, पण तिनं उत्तर खरं दिलं.

तिची आई किल्लारीकडची. भूकंपाच्या त्या पहाटे आई दहा वर्षांची होती. आई सांगते, जमीन हलायच्या आधी गुरगुरली होती, मोठं जनावर गुरगुरावं तशी. आईच्या घरातली तीन माणसं गेली. अजूनसुद्धा आई आतून कडी लावून झोपत नाही.

"आणि शाळेच्या पुस्तकात काय? आपली जमीन कठीण खडकाची, भूकंपापासून सुरक्षित. मी सरांना विचारलं, मग गुरगुरलं कोण? सर म्हणाले, परीक्षेला येत नाही ते." सिंधूनं ग्लास खाली ठेवला. "मला ते जाणून घ्यायचंय. डॉक्टर होऊन कळणार हाय का?"

दयानंदनं लॅपटॉप आपल्याकडं वळवला, काहीतरी लिहिलं आणि परत तिच्यापुढं केला. त्याच्या त्या अक्षरांत एकच ओळ होती – मग गुरगुरलं कोण?

"असं लिहिलं की प्रश्न मोठा दिसतो," तो म्हणाला.

तिला वाटलं, दोन वर्षांत आपलं म्हणणं कुणी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. बॅटरीचा आकडा हळूहळू उतरत होता, आणि तो उतरू नये असं वाटणारी गिऱ्हाईक ती बहुधा पहिलीच असावी.

शेवटी पडदा विझला. गफूरचाचा म्हणाले, "हो गया क्या टेस्टिंग? बेटा, माझी तर चहाची टाकी संपली, तुमची बॅटरी काही संपेना."

"चांगली हाय बॅटरी," सिंधु म्हणाली. "पण गरम किती होतो ते बघायचं राहिलं. उद्या बघू."

"हाव. उद्या बघू," दयानंद म्हणाला. गरम होतो की नाही हे आत्ताच हात लावून कळलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी ती आली तेव्हा तो आधीच बसलेला होता. केस ओले, शर्ट इस्त्रीचा. तिनं लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात ठेवून बराच वेळ काढला, उगाचच गंभीर चेहऱ्यानं. तोही तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "ताप हाय का?"

"थोडा. पेशंटला की मालकाला, ते कळेना."

हसता हसता ती शेवटच्या गोष्टीवर आली. "मी घेतला समजा. आता यातलं तुमचं सगळं काढा. खातं बंद करायचं, फायली पुसायच्या, कोरा करून द्यायचा. पक्का नियम हाय माझा. साक्षीचं बघितलंय मी."

दयानंदनं मान हलवली. फायली निवडल्या. पुसायच्या बटणावर बोट आणलं... आणि तिथंच राहिला. पडद्यावर प्रश्न आला होता – नक्की पुसायचं का? तो प्रश्नाकडं बघत राहिला. सिंधु त्याच्याकडं बघत राहिली.

"होत नाही का?"

"होतंय. एक मिनिट."

मिनिट गेलं. त्यानं बोट मागं घेतलं.

सिंधूनं झाकण लावलं आणि लॅपटॉप त्याच्याकडं सरकवला. "मी घेत न्हाई."

"का? काय खोट निघाली?"

"लॅपटॉपात काही नाही. विकणाऱ्याला विकायचा नाही, ही खोट. तुला डॉक्टर व्हायचं नाही, दयानंद. कालपासून तू ‘ळ’बद्दल इतकं बोललास, परीक्षेबद्दल विचारल्याशिवाय एक शब्द नाही."

ती ‘तू’वर आली होती, हे दोघांच्याही लक्षात आलं, पण त्याचं सुख घ्यायला वेळ नव्हता. त्याचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"तुला सोपंय बोलायला. सगळ्यांना तुझ्यासारखं चिठ्ठ्या फाडत फिरता येत नाही. आप्पांना वर्गातली पोरं विचारतात, सर, तुमचा मुलगा कितवा आला? ते मान खाली घालतात. ती मान बघितलीयस तू?"

"माझ्या बापालाबी मान हाय. उद्या येणार हायत ते. मी त्यांच्यापुढं उभी राहणार हाय, आणि मलासुद्धा भीती वाटायलीय." तिनं चहाचा ग्लास बाजूला सारला. "सोपं असतं तर उद्याची भीती विसरायला मी आज इथं लॅपटॉपचा ताप बघत बसले असते का?"

ती उठून भुरभुरत्या पावसात निघून गेली. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या वळणावर एकदा बघितलंच. तो बाकावर नव्हता.

रविवारी शेषेराव आले, सोबत आई. मुलींच्या होस्टेलात बाप्या माणसांना प्रवेश नाही, म्हणून बसणं गफूरचाचांच्या हॉटेलातच झालं. शेषेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते रागावलेले दिसत नव्हते. थकलेले दिसत होते. त्यानं सिंधूला जास्त त्रास झाला.

"क्लासच्या सरांना शब्द दिलाय मी," ते म्हणाले. "एक वर्ष काढ. एकच. थोडक्यात राहिलंय, लोक बी तेच म्हणायलेत."

"बाबा, थोडक्यात राहिलं न्हाई. मला ते नकोच होतं. नको असलेलं थोडक्यात राहिलं काय अन् लांब राहिलं काय."

"मग दोन वर्षं का बसलीस?"

"तुमच्यासाठी. त्याचं मला वाईट वाटत न्हाई. पण तिसरं वर्ष माझं हाय."

शेषेराव टेबलाकडं बघत राहिले. "दगडं फोडून काय मिळतंय पोरीला? उद्या कुणी विचारलं, लेक काय करती, तर काय सांगू?"

"सांगा, जमिनीला काय झालं ते विचारती."

आईनं पदर खांद्यावर सारखा केला. तिचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "विचारू द्या की तिला. आमच्या गावात लई लोक आले तवा. घरं बांधून दिली, ब्लँकेटं दिली, फोटो काढले. का हललं, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाई. लेक सांगत असंल तर मला ऐकायचंय."

शेषेरावांनी बायकोकडं असं बघितलं, जणू इतकी वर्षं शेजारी राहून हे आजच कळलं. त्यांनी टोपी उचलली, परत ठेवली.

नेमका तेव्हाच दयानंद आत आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, खांद्याला तीच काळी बॅग. बसून असलेली मोठी माणसं बघून तो दारातच थबकला. मग सरळ पुढं आला, आधी शेषेरावांना आणि आईला नमस्कार केला आणि बॅग सिंधूपुढं ठेवली.

"घे. कोरा केलाय. खातं बंद, बिजागरीचा स्क्रू नवा बसवलाय. तपासून घे."

सिंधूनं झाकण उघडलं. पडदा दुकानातून आणल्यासारखा रिकामा होता.

"पुसलंस? सगळं?"

"इथलं पुसलं." त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलंय. रात्रीच गावाकडं गेलो होतो. आप्पांना सांगितलं, लॅपटॉप विकतो, तुमच्या शब्दाबाहेर नाही. पण बॅचला बसत नाही. नांदेडला चित्रकलेच्या कॉलेजात जाणार. पहिलं वर्ष सगळं हातानंच करायचं असतं, कागद अन् पेन्सिल."

"काय म्हणाले?"

"जेवले नाहीत. सकाळी मी निघालो तेव्हा अंगणात उभे होते. ‘जा’ म्हणाले नाहीत, ‘थांब’ पण म्हणाले नाहीत." त्यानं पॅन्टवरचा चिखल हातानं झटकला. "ती मान मी बघितली, सिंधु. तरी निघालो."

तिला त्याच्या चिखलाच्या हाताला हात लावावासा वाटला. समोर आई-वडील होते. तिनं लॅपटॉपच्या कडेवर ठेवलेल्या त्याच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवली – अंतर एका बटणाएवढं.

शेषेरावांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हे कोण?"

"लॅपटॉपवाला," सिंधु म्हणाली.

"लॅपटॉप देऊन झाला. मग अजून कशाला थांबलंय?"

खोटं बोलायला जागा होती. मैत्रिणीचा भाऊ, क्लासमधला मुलगा... दहा उत्तरं तयार होती, आणि अशा वेळी मुली त्यातलंच एक देतात. सिंधूनं वडिलांच्या डोळ्यांत बघितलं.

"मला आवडतो तो, बाबा. त्याला अजून सांगितलं न्हाई. तुमच्यापासून लपवून पहिल्यांदा त्याला सांगायचं, हे मला पटलं न्हाई."

दयानंद बाकावर टेकला. आईनं पदर तोंडाला लावला, पण डोळे लपवायचे विसरली. ते हसत होते.

शेषेराव दयानंदकडं वळले. "गाव?"

"शिरूर अनंतपाळ."

"पुढं काय करणार म्हणालास?"

"अक्षरं काढणार."

"अक्षरं," शेषेराव म्हणाले, बियाण्याचं कधी न ऐकलेलं वाण कुणी सांगावं तसे. ते उठले, टोपी घातली. "नांदेडला सोडायला मी येणार न्हाई. सरांना काय सांगायचं ते तूच सांग, माझी जीभ वळायची न्हाई. आणि..." त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, "तीन वर्षं शिकायचं. दोघांनीबी. तवर मला दुसरं काही ऐकायचं न्हाई. त्याच्यानंतर ऐकीन का, ते बी आज सांगत न्हाई."

हे हो नव्हतं. पण काल जिथं भिंत होती तिथं आज दार होतं, लावलेलं का असेना. सिंधु वाकून पाया पडली. त्यांनी हात डोक्यावर ठेवला नाही. निघता निघता खांद्याला मात्र लागला, चुकून लागल्यासारखा.

पुढच्या आठवड्यात आई तिला नांदेडच्या एस.टी.त बसवायला आली. दयानंद आधीच बसस्थानकावर होता, हातात गुंडाळलेले मोठे कागद. त्यालाही त्याच बसनं जायचं होतं. आई पाण्याची बाटली आणायला म्हणून स्टॉलकडं गेली, आणि आणायला फार वेळ लावला.

"एक सांगू?" दयानंद म्हणाला. "सगळ्या लातुराला कळलं तुला मी आवडतो ते. गफूरचाचा मला गिऱ्हाइकांसमोर जावईबापू म्हणायलेत. मला मात्र तू अजून सांगितलं नाहीस."

"ऐकलंस की तेव्हा."

"ते बाबांना सांगितलं होतंस."

वाहकानं घंटी दिली. फलाटावरची माणसं दाराकडं लोटली. सिंधूनं बॅग छातीशी धरली, त्या गर्दीतच थांबली आणि त्याच्याकडं नीट बघितलं – चिठ्ठी ओढताना बघितलं होतं तसं, बिनधास्त.

"दयानंद, मला तू आवडतोस. लई. आता तुझं बोल. पण नुसतं ‘हाव’ म्हणू नकोस."

तो काहीतरी बोलला. मागच्यांच्या धक्क्यानं दोघं पायरीवर ढकलले गेले आणि शब्द गर्दीत गेले. तिनं वरून मान वळवून विचारलं, "काय?"

"सांगतो," दयानंद म्हणाला. त्यानं खिडकीजवळची जागा तिला दिली, शेजारी बसला आणि यावेळी तिचा हात हातात घेतला, मधलं अंतर न ठेवता. "नांदेडपर्यंत सांगत बसतो."

बाहेर आई बाटली घेऊन उभी होती. तिनं खिडकीतून ती आत दिली, दोघांच्या हातांकडं बघितलं आणि काहीच न बघितल्यासारखं म्हणाली, "पोचल्यावर फोन करा." करा म्हणाली. एकीला नाही, दोघांना.